तानपुऱ्याची जवारी आणि पाठीमागची पावलं

"मागून येतोय. डावीकडे, जिन्यावर," माझा भाचा स्वतःशीच पुटपुटला आणि स्क्रीनवरचं त्याचं पात्र गर्रकन वळलं. जिन्यावर खरंच एक जण होता. पुढच्या अर्ध्या सेकंदात तो नव्हता.

मला या खेळांतलं ओ की ठो कळत नाही. व्हॅलोरंट हे नाव मला ठाऊक झालं तेही या भाच्यामुळे. पण मी त्याच्या शेजारीच बसलो होतो आणि स्क्रीनवर जिना दिसत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. जिना त्या पात्राच्या पाठीमागे होता. "तुला कळलं कसं?" मी विचारलं. "ऐकू आलं ना मामा," तो म्हणाला आणि पुढच्या शत्रूच्या मागे लागला.

मी त्या हेडफोनकडे बघत राहिलो. आत काय असतं? डाव्या कानापाशी एक गोल पापुद्रा आणि उजव्या कानापाशी दुसरा. डोक्यामागे काही नाही, वर काही नाही. आवाज निघतो तो दोनच ठिकाणांहून, कानाच्या अगदी तोंडाशी. मग 'मागून' आणि 'जिन्यावर' हे त्याला सांगितलं कोणी?

तो हेडफोन आता कुरकुरायला लागला होता आणि नवा घ्यायचा होता. वाढदिवसाचं निमित्त होतं. अट एकच होती. मामाला त्यावर रात्री गाणं ऐकता आलं पाहिजे आणि भाच्याला दिवसा खेळता. सोपं वाटलं होतं. पण त्या एका खरेदीपायी मी कानाच्या पाळीपासून मिरजेच्या तानपुऱ्यापर्यंत फिरून आलो.

आंधळी कोशिंबीर आपण सगळेच खेळलोय. डोळ्यांवर रुमाल बांधलेला, कुणीतरी खुसुखुसु हसतं आणि आपण नेमके त्याच दिशेला झेपावतो. त्या वेळी डोक्यात जे चालतं, त्याचा हिशेब मांडला तर विश्वास बसत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. हसणारा अगदी उजव्या बाजूला असेल, तर त्याचं हसणं उजव्या कानाला आधी पोचतं आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाला नंतर. हा 'नंतर' म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही जेमतेम दोन तृतीयांश. ही झाली कमाल मर्यादा. हसणारा जवळजवळ समोर असेल आणि फक्त एक अंशभर बाजूला सरकला असेल, तरी चांगल्या कानाच्या माणसाला ते समजू शकतं. त्या वेळी दोन कानांमधला फरक असतो सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका. तेवढ्या वेळात आवाज किती अंतर कापतो? साडेतीन मिलिमीटरही नाही. साबुदाण्याचा एक दाणा.

मेंदूतल्या एका पेशीचा विद्युत-संकेत उमटून विरायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो. म्हणजे ज्या घड्याळाचा काटा हजाराव्या भागावर सरकतो, त्या घड्याळाने आपण लाखावा भाग मोजतो. दोन्ही कानांकडून आलेल्या तारा मेंदूच्या बुंध्यात एकत्र येतात आणि कोणता निरोप आधी आला याची तिथे तुलना होते. ही तुलना आपण शिकवणी लावून शिकलेलो नसतो. तान्ह्या बाळाच्या बाजूला खुळखुळा वाजवला की ते मान वळवतं.

यात काळाच्या जोडीला आवाजाची पातळीही असते. बारीक, चिरके स्वर डोक्याला वळसा घालू शकत नाहीत. डोकं त्यांना आडोसा करतं आणि पलीकडच्या कानावर सावली पडते. जाड, घुमणारे स्वर मात्र डोक्याला जुमानत नाहीत, त्यांच्यासाठी वेळेचा फरकच कामी येतो. ही दुहेरी पद्धत १९०७ साली लॉर्ड रॅले यांनी मांडली. हे तेच रॅले, ज्यांना तीन वर्षं आधी आरगॉन वायूच्या शोधासाठी नोबेल मिळालं होतं. एकाच माणसाने हवेत दडलेला वायूही हुडकावा आणि कानात दडलेलं गणितही.

पण एवढ्याने जिना सुटत नाही. आवाज बरोबर समोरून आला काय किंवा बरोबर मागून, दोन्ही कानांना तो एकाच वेळी आणि सारखाच पोचतो. वरून आला तरी तसंच. डाव्या-उजव्याची तराजू इथे गप्प बसते. तरीही छतावरची पाल आपल्याला वर बघायला लावते आणि मागून मारलेली हाक मागूनच येते.

याचं उत्तर कानाच्या त्या वेड्यावाकड्या घड्यांमध्ये आहे, ज्या आपण आंघोळीच्या वेळी करंगळीने साफ करतो आणि विसरून जातो. आवाज थेट कानाच्या भोकात शिरतो, तसाच तो त्या घड्यांवर आपटूनही शिरतो. आपटून आलेला भाग किंचित उशिरा पोचतो आणि थेट आलेल्याशी भांडतो. काही स्वर या भांडणात मरतात, काही उचलले जातात. कोणते मरतील हे आवाज कुठल्या उंचीवरून आला यावर ठरतं. हा सगळा खेळ प्रामुख्याने वरच्या पट्टीत, चार-पाच हजार हर्ट्‌झच्या पुढे चालतो. घड्याच इवल्या आहेत, त्यांच्यात अडकायला लहरीही तशाच तोकड्या लागतात. म्हणजे 'वरून' ही बातमी आवाजाच्या रंगात मिसळून येते आणि मेंदू रंग बघून उंची सांगतो.

प्रत्येकाच्या घड्या वेगळ्या, तेव्हा प्रत्येकाचं हे कोष्टकही वेगळं. १९९८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही माणसांच्या कानांत साचे बसवून घड्यांचा आकारच बदलला. त्या माणसांना डावं-उजवं बरोबर कळत राहिलं, पण वर-खाली पार बिघडलं. साचे तसेच ठेवून त्यांना रोजच्या जगण्यात सोडून दिलं, तर काही आठवड्यांत नव्या कानांनी वर-खाली पुन्हा कळू लागलं. खरी गंमत पुढे आहे. साचे काढल्याबरोबर जुन्या कानांनीही त्यांना लगेच अचूक ऐकू आलं. नवी भाषा शिकताना मेंदूने जुनी पुसली नव्हती. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी बोलणाऱ्या माणसासारखे त्यांनी दोन्ही कान सांभाळून ठेवले होते.

आता भाच्याच्या जिन्याकडे येऊ. हेडफोन कानावर चढला की या घड्या निकामी होतात, कारण आवाज बाहेरून येतच नाही. मग खेळाचा प्रोग्रॅम घड्यांचं काम स्वतः करतो. माणसाच्या डोक्याच्या पुतळ्यात, कानांच्या जागी माइक बसवून, चहूबाजूंनी आवाज वाजवून, कोणत्या दिशेचा आवाज कसा बदलतो याची मोजणी करून ठेवलेली असते. त्या मोजणीला एचआरटीएफ म्हणतात आणि खेळांच्या सेटिंगमध्ये याच नावाचं बटण असतं. शत्रूचं पाऊल डाव्या-मागच्या जिन्यावर पडलं, की खेळ त्या पावलाचा आवाज घेतो, एका कानासाठी किंचित उशीर करतो, थोडा दाबतो, वरच्या पट्टीतला नेमका तुकडा कापतो आणि दोन पापुद्र्यांकडे पाठवतो. मेंदू फसतो. हौसेने फसतो.

ही मोजणी सरासरी कानाची असते, तुमच्या कानाची नव्हे, म्हणून काहींना समोरचं मागे आणि मागचं समोर ऐकू येतं. अशा वेळी आपण प्रत्यक्षात काय करतो? मान हलवतो. खेळाडू माऊस हलवतो. पात्राची मान फिरली की आवाजही फिरतो आणि गोंधळ मिटतो. भाचा सारखा माऊस का वळवळवतो, हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटायचं, त्याला कुठे स्वस्थ बसवत नाही.

दोन कानांना दोन वेगळे आवाज दिले की अवकाश उभा राहतो, हे पुष्कळ लोकांनी अनुभवलं ते एका प्रदर्शनात. १८८१ साली पॅरिसमध्ये विजेचं मोठं प्रदर्शन भरलं. क्लेमां आदेर नावाच्या अभियंत्याने तिथल्या ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे माइक मांडले आणि तारा प्रदर्शनाच्या इमारतीत नेल्या. लोक रांगा लावून दोन कानांना दोन रिसीव्हर धरून ऐकायचे. एकेका कानाला वेगळा माइक जोडलेला होता. ऐकणारे थक्क झाले, कारण गायक रंगमंचावर इकडून तिकडे चालला की आवाजही चालत होता. फोनोग्राफचा शोध लागून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

पुढे हेडफोन बराच काळ टेलिफोन आणि बिनतारी संदेशवाल्यांच्या डोक्यावरच राहिला. १९१० साली अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनियल बाल्डविन या गृहस्थाने स्वयंपाकघरात हेडफोन बनवून तिथल्या नौदलाला विकले. गाणं ऐकायला म्हणून स्टिरिओ हेडफोन आला तो १९५८ साली, मिलवॉकीच्या जॉन कॉस यांच्याकडून. त्यांना खरं तर एक सुटसुटीत ग्रामोफोन विकायचा होता, हेडफोन त्याच्यासोबतची जोडवस्तू. लोकांनी ग्रामोफोन बाजूला ठेवला आणि हेडफोनसाठी झुंबड केली.

आणि तरी गाण्याच्या बाबतीत हेडफोनमध्ये एक मुळातलाच दोष आहे. बालगंधर्वांची जुनी तबकडी हेडफोनवर ऐकून बघा. एकाच वाहिनीवर मुद्रित झालेला आवाज दोन्ही कानांना अगदी सारखा, एकाच क्षणी पोचतो. मेंदू म्हणतो, हा मधोमध आहे. पण घड्यांची खूण नाही, खोलीचा घुमारा दोन कानांना वेगळा नाही, मग समोर किती लांब हे त्याला सांगता येत नाही. शेवटी तो बालगंधर्वांना आपल्या कवटीत, दोन भुवयांच्या मागे आणून बसवतो. स्टिरिओ गाण्यात वाद्यं दोन कानांमध्ये दोरीवर वाळत घातल्यासारखी पसरतात, पण डोक्याबाहेर क्वचितच पडतात. हे मुद्रण मुळात समोरच्या दोन स्पीकरांसाठी झालेलं असतं. तिथे डाव्या स्पीकरचा आवाज थोडा उजव्या कानालाही जातो. हेडफोन ही भेसळ बंद करतो.

या दोषाचं कुणी सोनंही केलं. २०१७ साली आलेल्या 'हेलब्लेड' या खेळात नायिकेच्या मनात बोलणारे आवाज आहेत. ते पुतळ्याच्या कानांतल्या माइकपुढे कुजबुजून मुद्रित केले आहेत. हेडफोन लावून खेळलं की मानेच्या मागे कुणी तरी बोलतंय असं वाटून अंगावर काटा येतो. मी दहा मिनिटं टिकलो.

तर आता खरेदी. इथे मी माझी परीक्षा पक्की केली होती आणि ती परीक्षा म्हणजे तानपुरा.

तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. तार छेडली की ती त्या उतारावर थरथरत टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तारेखाली सुताचा दोरा सरकवत कारागीर ती नेमकी जागा शोधतो जिथे आवाज उलगडतो. हीच जवारी. मिरजेच्या तानपुऱ्यांचं नाव आहे ते लाकूड आणि भोपळ्याइतकंच या जवारीसाठी. त्या शहराच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीवर लिहिलं होतं. नेहमीचा नियम असा, की तार मधोमध छेडली तर ज्या उपस्वरांची स्थिर जागा त्या मध्यावर येते, ते उमटायलाच नकोत. तानपुऱ्यात ते उमटतात, आणि चांगले ठणठणीत उमटतात. घोडीचा उतार नियमाला बगल देतो. म्हणून खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून गंधार ऐकू येतो, जो कुणी छेडलेलाच नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाचा पाचवा उपस्वर, खर्जापेक्षा पाचपट वेगाने कंप पावणारा.

आता हेडफोनचा पापुद्रा डोळ्यांपुढे आणा. चाळीस-पन्नास मिलिमीटर व्यासाचं पातळ प्लास्टिक, त्याला चिकटवलेलं केसासारख्या तारेचं वेटोळं, भोवती चुंबक. तारेतून वीज जशी नाचते तसा पापुद्रा पुढे-मागे हलतो. बस, एवढंच. एका क्षणी तो फक्त एकाच जागी असू शकतो. तरी त्या एकाच हलण्यात खर्ज आहे, गंधार आहे, जवारीचा झणकार आहे आणि त्यावर भीमसेन जोशींचा षड्जही आहे. हे इतक्या वेळा वाचूनही मला अजून पटत नाही. आणि कान त्यांना पुन्हा सुटं करून वेगवेगळं ओळखतो, ते तर त्याहून पटत नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीत पहिल्या दुकानदाराने काचेच्या कपाटातून जे काढलं, त्यावर लाल-निळे दिवे पळत होते. खोक्यावर 'गेमिंग' आणि '७.१' असं ठळक छापलेलं. भाच्याचे डोळे लकाकले. मी माझी तानपुऱ्याची फाइल लावली. खर्ज असा आला जणू शेजारच्या इमारतीत गणपतीची मिरवणूक चालली आहे. गंधार? नावालाही नाही. जवारीच्या जागी लोकरीची टोपी घालून ऐकल्यासारखं काहीतरी.

"मामा, गेमिंगला बेस लागतो," भाचा म्हणाला. दुकानदारानेही मान डोलावली. इथे मी दोघांशीही असहमत झालो आणि अजूनही आहे. जाड स्वर बारीक स्वरांना झाकतात, हा कानाच्या रचनेचाच गुण आहे. कानातल्या शंखात आवाज दारातून आत शिरतो. दाराजवळचा भाग बारीक स्वर ओळखतो आणि टोकाचा भाग जाड. जाड स्वराची लाट टोकाकडे जाताना बारीक स्वरांचं अख्खं अंगण तुडवत जाते, उलट मात्र होत नाही. म्हणून फुगवलेला खर्ज गंधार गिळतो. म्हणूनच फुगवलेला बॉम्बस्फोट पाऊल गिळतो. आणि पावलाची उंची सांगणारी खूण जिथे राहते, त्याच वरच्या पट्टीत जवारीचा झणकार राहतो. जो हेडफोन जवारी दाबतो तो जिनाही दाबतो.

मग मी भाच्याला एक साधी गोष्ट करायला सांगितली. त्याने फोनवर त्या खेळाची एक चित्रफीत लावली, डोळे मिटले आणि पावलं कुठून येतात ते बोटाने दाखवू लागला. दिव्यांच्या हेडफोनवर डावं-उजवं बरोबर, वर-खाली सगळं सपाट. मग दुकानदाराने नाखुशीने मागच्या फळीवरचा एक काळा, बिनदिव्यांचा, गाणं मुद्रित करणारे वापरतात तसला हेडफोन काढला. तानपुरा लावला आणि दोन आवर्तनांत गंधार तिथे होता, स्वच्छ, खर्जाच्या खांद्यावर बसलेला. भाच्याने तीच चित्रफीत पुन्हा ऐकली. त्याचं बोट आता वर जाऊ लागलं. "अरे, हा माळ्यावर आहे," तो म्हणाला.

आणि खोक्यावरच्या त्या '७.१' चं, म्हणजे अनेक वाहिन्यांच्या आवाजाचं काय? दोन कानांच्या माणसाला दिशा कळायला दोनच वाहिन्या पुरतात, आदेरच्या श्रोत्यांनी ते १८८१ सालीच दाखवलं. काही हेडफोन खेळाच्या आवाजावर स्वतःचा आणखी एक दिशांचा मुलामा चढवतात. खेळ आधीच एचआरटीएफ करत असेल तर दोन मुलामे एकमेकांत मिसळून चिखल होतो. एकच चालू ठेवा, शक्यतो खेळाचा. गाण्यासाठी दोन्ही बंद.

खोक्यावरचे आकडे फारसे बोलत नाहीत. २० ते २०,००० हर्ट्‌झ असं प्रत्येकावर असतं. पण त्या टोकांमध्ये कोणता स्वर किती दाबला, किती फुगवला हे खोका सांगत नाही, आणि सगळी मेख तिथेच असते. ४०,००० लिहिलेलं असेल तर ते वटवाघळासाठी. माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्याला बारा-तेरा हजारांच्या वर तशीही शांतता आहे. किमतीचंही तेच. २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. किंमत आणि स्वरांच्या समतोलाचा दर्जा यांचा संबंध त्यांना सापडला नाही. ओहमचा आकडा तेवढा बघा. बत्तीसच्या आसपास असेल तर फोन, लॅपटॉप सहज वाजवतील. अडीचशे-तीनशे असेल तर वेगळा अँप्लिफायर घ्यावा लागेल, नाहीतर आवाज मुंगीचा येईल.

ब्लूटूथबद्दल एकदाच बोलतो. साधं ब्लूटूथ आवाज बांधून, पाठवून, सोडवून वाजवेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज घेतं. गाण्याला फरक पडत नाही, कारण सगळी मैफलच तेवढी उशिरा येते. पण मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची असते. म्हणजे भाचा जवळजवळ मात्राभर मागे राहून बंदूक चालवणार. समेला चुकलेल्या तबलजीचं मैफलीत जे होतं तेच त्याचं होईल. शिवाय साध्या ब्लूटूथवर माइक चालू केला की हेडफोन टेलिफोनच्या दर्जावर उतरतो आणि तानपुरा ट्रंक कॉलवर आल्यासारखा वाटतो. तार नकोच असेल तर छोट्या यूएसबी डोंगलवर चालणारे बिनतारी हेडफोन घ्या, त्यांचा उशीर जाणवत नाही. आम्ही तारेचा घेतला. माइक वेगळा, शर्टाला लावायचा, कॉलर माइक. मित्रांवर ओरडायला तेवढा पुरतो.

राहिला एकच प्रश्न, आणि त्यावर आमचं घरात खरं भांडण झालं. पाठ उघडी की बंद? उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये पापुद्र्यामागे जाळी असते, आवाज मोकळा मागे सुटतो. सेनहायझरने १९६८ साली पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा तसला पहिला हेडफोन काढला. त्यात गाणं डब्यात कोंडल्यासारखं वाटत नाही, जागा मोठी वाटते, कान तापत नाहीत. गाण्यालाही तोच बरा आणि जिन्यालाही. पण जाळीतून आवाज जसा बाहेर जातो तसा घरही आत येतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, खालचा भाजीवाला. मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो.

आणि इथे मात्र गंमत संपते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तास उरतात, भाच्याचा एक रविवार. जन्मतः एका कानात पंधरा हजारांच्या आसपास रोमपेशी असतात. मेलेली रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. कोंबडीत उगवते, आपल्यात नाही. लाखाव्या भागाचं ते घड्याळ त्याच पेशींवर चालतं.

आमची खोली रस्त्याकडची, म्हणून आम्ही बंद पाठीचा घेतला. मन उघड्याकडे होतं. तुमची खोली शांत असेल तर उघडाच घ्या, दुसरा विचार करू नका.

आणि दुकानात जाण्याआधी निव्वळ तानपुऱ्याचं दहा मिनिटांचं मुद्रण फोनमध्ये उतरवून न्या. फोनमधला बेस वाढवणारा पर्याय बंद करा, आवाज मध्यम ठेवा, दुकानदार कितीही घाई करो, डोळे मिटा. गंधार ऐकू आला तर पैसे द्या.